कोडे सोडवले की भरले?



सकाळचा पेपर दारात पडला की घरात त्याची वाटणी होते. एकाला पहिले पान हवे असते, दुसऱ्याला बाजारभाव, आणि कुणीतरी आतले पान घडी घालून, पेन शोधून शब्दकोड्यापाशी बसते. पंधरा-वीस मिनिटांत दोन-तीन शब्द अडतात आणि स्वयंपाकघराच्या दिशेने प्रश्न जातो, ‘पेरणीचं अवजार, तीन अक्षरी, सांग बघू.’ त्यावर हमखास टोमणा येतो, की विचारूनच सोडवायचं तर सोडवता कशाला? टोमणा वाटतो तितका पोकळ नाही, म्हणून त्याला आज नीट उत्तर द्यावे म्हणतो. माझे मत असे, की शब्दकोड्यात मदत घेण्याला लबाडी म्हणता येत नाही, कारण कोड्याची बांधणीच मदतीवर उभी आहे. मात्र मदतीमदतीत फरक असतो, आणि तो आपल्या भाषेने दोन क्रियापदांत आधीच करून ठेवला आहे. कोडे सोडवता येते आणि कोडे नुसते भरताही येते.

आधी बांधणी पाहू. न्यूयॉर्कच्या ‘वर्ल्ड’ या दैनिकात २१ डिसेंबर १९१३ रोजी आर्थर विन याने पतंगाच्या आकाराचे पहिले शब्दकोडे छापले. उभा शब्द आडव्याला छेदतो, ही त्यातली खरी करामत. छेद म्हणजे काय, तर सुटलेल्या शब्दाने न सुटलेल्या शब्दाला दिलेला हात. तो हात नसता तर ती नुसती प्रश्नपत्रिका झाली असती. मराठीत हा हात जास्तच भक्कम आहे. इंग्रजी घरात सव्वीस अक्षरांपैकी एक बसते. आपल्या घरात मात्र काना-मात्रा-वेलांटीसकट पूर्ण अक्षर बसते. चौतीस व्यंजने आणि त्यांची बाराखडी धरली, तर जोडाक्षरे सोडूनसुद्धा शक्यता चारशेच्या वर जातात. त्यामुळे एक घर कळले की निम्मा शब्द कळल्यासारखाच. याची किंमत कोडेकार मोजतो. दोन्ही शब्दांत नेमके तेच अक्षर यायला हवे, म्हणून तो करवत, मखमल, चकमक, सरबत अशा बिनमात्रेच्या शब्दांकडे पुन्हा पुन्हा वळतो, आणि रोजच्या सरावाच्या माणसाला ते ओळखीचे होऊन बसतात. आता ते पेरणीचे अवजार. पुणे-नगरकडचा माणूस म्हणेल पाभर, मराठवाड्यातला म्हणेल तिफण, आणि सांगली-कोल्हापूरकडचा शेतकरी म्हणेल कुरी. तिन्ही उत्तरे बरोबर आहेत. कुरी दोन अक्षरी, म्हणून ती आधीच बाद झाली. पाभर आणि तिफण यांतला निवाडा मधले घर करते. उभ्या शब्दातून तिथे ‘भ’ उतरला तर पाभर, ‘फ’ उतरला तर तिफण.

छेदातून निवाडा होतो खरा, पण पाभर किंवा तिफण हा शब्द मुळात ठाऊक असायला हवा, आणि तो कुणाला ठाऊक असेल हे शिक्षणावरून ठरत नाही. ‘हळद साठवण्याचे जमिनीखालचे कोठार, दोन अक्षरी’ असा संकेत आला, तर हरिपूरच्या माणसाला क्षणभरही थांबावे लागणार नाही. त्याने पेव पाहिलेले असते. एखाद्या गोष्टीचे ‘पेव फुटले’ असे रोज म्हणणाऱ्या शहरी पदवीधराला मात्र ते नेमके काय असते, हे माहीत असेलच असे नाही. काहील, चुलवाण, काकवी हे शब्द कऱ्हाडकडच्या गुऱ्हाळावर राबलेल्या माणसाच्या जिभेवर असतात. उलट ‘१८४३ साली सांगलीत रंगलेले नाटक’ विचारले, तर ‘सीतास्वयंवर’ आणि विष्णुदास भावे ही नावे नाट्यवेड्या घरातून पटकन येतील. भाषा अशी माणसामाणसांत वाटलेली आहे. म्हणून गड्याला किंवा आजीला विचारणे म्हणजे शब्द जिथे राहतो तिथे जाणे. इथे कुणी म्हणेल, शब्दकोश पाहिला तर चालेल, कारण तो अभ्यास झाला. शेजाऱ्याला विचारणे म्हणजे आयते घेणे. पण कोश तरी कसे झाले? कोशकार मोल्सवर्थने पंडितांना हाताशी धरून, निरनिराळ्या भागांतले शब्द विचारून गोळा केले, आणि १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीत ते सुमारे साठ हजारांवर गेले. दाते-कर्वे यांच्या ‘महाराष्ट्र शब्दकोशा’चे सात खंड १९३२ ते १९३८ या काळात निघाले, तेही अशाच गोळाबेरजेतून. शेजाऱ्याचा शब्द छापून, बांधून आला की तो अभ्यास आणि ओट्यावर ऐकला की चोरी, हा न्याय मला पटत नाही.

शिवाय कोश नेहमी तारतोच असे नाही. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम १९६२ मध्ये आले, आणि कवि, गुरु यांचे मराठी लेखनात कवी, गुरू झाले. त्याआधीचा कोश उघडाल तर तिथे ‘कवि’ सापडेल. नांगराच्या मुठीचे ‘रुमणें’ डोक्यावर अनुस्वार घेऊन उभे असेल. कोड्यात ‘कवी’च्या शेवटच्या घरातून ‘वीणा’ खाली उतरते, ‘विहीर’ उतरत नाही. काही कोडेकार ह्रस्व-दीर्घाकडे कानाडोळा करतात, तो आळस आहे असे माझे स्पष्ट मत आहे. शब्दाऐवजी माणूस, गाव किंवा वनस्पती अडली तर सातारकरांना फार लांब जायला नको. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी मराठी विश्वकोश वाईत बसून उभा केला, त्याचा पहिला खंड १९७६ मध्ये आला, आणि आता तो मोबाइलवरही उघडतो. वाचनालयात बसून खंड चाळणाऱ्यांना एक विनंती मात्र जाता जाता करतो. तिथल्या पेपरातले कोडे पेनाने भरू नका. मागून येणाऱ्याला न मागितलेली मदत होते, आणि तीही बहुधा चुकीची.

आता सर्वांत वजनदार आक्षेप. शब्द आठवण्याची धडपड हाच मेंदूचा व्यायाम, आणि विचारले की तो बुडाला. याला आधार आहे. अमेरिकेत कोलंबिया आणि ड्यूक विद्यापीठांच्या संशोधकांनी स्मरणशक्ती किंचित उणावलेल्या १०७ व्यक्तींची ७८ आठवडे पाहणी केली. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत संगणकी खेळ खेळणाऱ्यांपेक्षा शब्दकोडी सोडवणारे सरस ठरले. एवढ्या लहान पाहणीवरून मोठे दावे करू नयेत. पण आठवण्याला मोल आहे हे मान्य केले, तरी त्यातून मदतीवर बंदी निघत नाही. मदत कधी आणि किती, एवढेच निघते. ‘पहिले अक्षर सांग, पुढचे मी बघतो’ असे म्हणणाऱ्याची धडपड चालूच राहते. पूर्ण शब्द विचारून पुढच्या संकेताकडे धावणारा मात्र फक्त घरे भरतो. उत्तर मोबाइलला विचारले, तरी अडचण हीच. तो तीन घरांसाठी चार अक्षरी शब्द तितक्याच ठामपणे देतो, आणि आपण न मोजता तो कोंबायला बघतो.

म्हणजे सोडवणे आणि भरणे यांतला फरक उत्तर कुठून आले यावर ठरत नसून ते पडताळले की नाही यावर ठरतो. याचा उत्तम पुरावा, गंमत म्हणजे, न्यायालयातून मिळतो. स्वातंत्र्यानंतरच्या काळात बक्षिसाच्या शब्दकोड्यांचा मोठा धंदा होता. बंगळूरहून निघणाऱ्या ‘स्पोर्टिंग स्टार’ या साप्ताहिकातल्या स्पर्धांना मुंबई राज्यातून प्रवेशिका जात. मुंबई सरकारने कर बसवला आणि वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. तिकडे केंद्राने १९५५ च्या कायद्याने बक्षिसांची रक्कम महिन्याला एक हजार रुपये आणि प्रवेशिका दोन हजार अशी मर्यादा घातली. १९५७ मध्ये न्यायालयाने या स्पर्धा जुगारात काढल्या, पण कौशल्याच्या स्पर्धांना वेगळे ठेवले. कारण साधे होते. त्या कोड्यांत एका संकेताला दोन शब्द सारखेच लागू पडत, आणि बरोबर कोणता हे स्पर्धा भरवणाऱ्याच्या आधीच ठरलेल्या उत्तरावरून कळे. अशा ठिकाणी गावातला सगळ्यांत विद्वान माणूससुद्धा मदत करू शकत नाही, कारण त्याचे उत्तर पटवून घ्यायला चौकटीत काहीच नसते. रोजच्या पेपरातले चांगले कोडे याच्या नेमके उलट असते. शेजाऱ्याने ‘पाभर’ म्हटले, तरी संकेत, घरांची संख्या आणि मधला ‘भ’ असे तीन साक्षीदार तुम्हाला तपासता येतात. ते तपासले की शब्द तुमचा झाला. न तपासता लिहिला, तर स्वतःच्या डोक्यातून आलेला असला तरी तो तुक्काच.

राहिली शेवटची मदत, दुसऱ्या दिवशीच्या अंकातल्या उत्तराची. तीसुद्धा तपासूनच घ्यावी, छापले म्हणून मान डोलवू नये. संकेताला दुसरा शब्द तितकाच बसत असेल, तर दोष कोडेकाराचा आहे, आणि संपादकांना एक पत्र टाकायला हरकत नाही. त्याच पत्रात, ताई-दादांनो, कुरीचेही कळवा. पेरणीच्या अवजाराला दोनच घरे ठेवायची कोडेकाराच्या मनात येत नसेल, तर तो शब्द त्याला अजून कुणी सांगितलेला नसावा.