आधी पाणसळ, मग कॅटलॉग

मॉड्युलर कपाट म्हणजे कारखान्यात ठरावीक मापात, काटकोनात तयार झालेला खोका. तो जिथे बसवायचा ते स्वयंपाकघर मात्र क्वचितच काटकोनात असते. या कामातल्या बहुतेक कटकटी इथूनच सुरू होतात; शटरचा रंग आणि हँडल हे नंतरचे प्रश्न.

बंद स्वयंपाकघरात वाकडेपणा खपून जातो. खुल्या स्वयंपाकघरात तो सोफ्यावरून दिसतो, आणि पाहुण्यांची नजर नेमकी तिथेच जाते. हॉलकडची भिंत काढण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारायचे असते, हे सर्वांना ठाऊकच आहे. भिंत गेली की दोन फरशा समोरासमोर येतात. जुन्या स्वयंपाकघराच्या फरशीला बरेचदा मोरीकडे उतार दिलेला असतो, हॉलच्या फरशीला नसतो. कपाटांखालची पट्टी आडवी आणि टाइल्सची रेघ उतरती, अशा दोन्ही शेजारी आल्या की अर्ध्या बोटाचा फरकही लपत नाही.

म्हणून मापाची सुरुवात टेपने नव्हे, पाणसळीने करावी. पाण्याची पारदर्शक नळी किंवा लेसर, काहीही चालते. सर्व भिंतींवर एकच आडवी रेघ मारायची आणि तिथून फरशीपर्यंतचे अंतर हातभर अंतराने मोजत जायचे. ते जिथे सर्वांत कमी भरेल, तो फरशीचा उंच बिंदू. कपाटांची उंची तिथूनच धरायची. कपाटाचे पाय फिरवून वाढवता येतात, किमान मापाखाली नेता येत नाहीत. 720 मिमीचा खोका, 100 मिमीचे पाय आणि वरचा दगड मिळून ओटा 850 मिमीच्या आसपास जातो. कोपऱ्यांना गुण्या आणि भिंतींना ओळंबा लावायचा. रुंदी तळाशी, मध्ये आणि वर मोजून सर्वांत लहान माप खरे मानायचे.

आपल्याकडे बिल्डर बरेचदा ओटा आधीच देतो: कडप्प्याच्या उभ्या फरशांवर ग्रॅनाइट. या फरशा ओळंब्यात नसल्या, तर वर 610 मिमी भरलेली जागा खाली 590 निघते आणि 600 चा खोका अडतो. जागेवर काम करणारा सुतार अशा वेळी रंधा मारून मोकळा होतो. कडांना पट्टी चिकटवून आलेल्या खोक्यावर रंधा चालत नाही. हे मॉड्युलरच्या विरोधातले बोलणे नव्हे. तक्रार खोक्याविषयी नाही, न मोजलेल्या जागेविषयी आहे.

मॉड्युलर पद्धतीचा मोठा प्रयोग फ्रँकफर्टमध्ये झाला. अर्न्स्ट माय यांच्या गृहप्रकल्पांसाठी मार्गारेटे शुट्टे-लिहोत्स्की यांनी 1926 मध्ये आगगाडीच्या भोजनडब्यातल्या स्वयंपाकघराच्या धर्तीवर साधारण 1.9 बाय 3.4 मीटरची खोली आखली. अशी सुमारे 10,000 स्वयंपाकघरे बसली. तांदूळ-साखरेला ओतता येतील असे ॲल्युमिनियमचे खण, पिठाला कीड लागू नये म्हणून ओकचे डबे, माश्या फिरकू नयेत या समजुतीने निळसर-हिरवा रंग. मुद्दा एवढाच, की तिथे खोली आणि कपाटे एकाच नकाशातून निघाली. आपल्याकडे खोली आधी होते, कपाट नंतर येते आणि मधला हिशोब कोणीच करत नाही.

उरलेले थोडक्यात. बसवताना वरची कपाटे आधी, आणि सुरुवात कोपऱ्यापासून. खोके शिकंज्याने आवळून, समोरच्या कडा जुळवून मगच स्क्रू मारावेत. भिंतीलगत 30 ते 50 मिमीची फिलर पट्टी सोडली नाही, तर ड्रॉवरचे हँडल भिंतीला किंवा दाराच्या चौकटीला अडते. सिंकखाली पाणी सोसणारा, आयएस 710 चा प्लाय घ्यावा. साधा एमडीएफ ओल लागली की फुगतो. एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी जाळी हवीच. शटर सर्वांत शेवटी, बिजागरीच्या स्क्रूने जुळवायचे.

चिमणीबद्दल एकच सांगणे. धूर बाहेर न नेणारी चिमणी खुल्या घरात फोडणीचा वास हॉलमध्येच फिरवते. तेव्हा बाहेर जाणाऱ्या पाइपची वाट वरची कपाटे टांगण्याआधी ठरवून घ्या.