अब्रू कोणाची, फिर्याद कोणाची?

(पारनेर येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



स्त्रियांवरील अत्याचाराचा विषय अर्थशास्त्राच्या निवृत्त शिक्षकाकडे कशासाठी, असे आपल्यापैकी काहींना वाटले असेल. मला त्यात काही वावगे दिसत नाही. वर्तमानपत्र काय छापते, कायदा काय मोजतो आणि मोर्चा काय मागतो, या तिन्ही ठिकाणी प्रश्न अखेर हिशेबाचाच असतो: नुकसान कोणाचे धरले आणि भरपाई कोणाच्या पदरात पडली? सेनापती बापटांच्या या गावात हा हिशेब आडपडदा न ठेवता मांडता येईल, अशी माझी समजूत आहे. उदाहरणे शक्यतो आपल्या जिल्ह्यातलीच घेईन. दिल्लीची उदाहरणे घेतली की आपण सारेच निर्दोष ठरतो.

2019 च्या मे महिन्यात याच तालुक्यातील निघोज येथे भाजलेली एक तरुण विवाहिता पुण्याच्या रुग्णालयात मरण पावली. विवाह आंतरजातीय होता. माहेरच्यांनीच तिला पेटवले, अशी बातमी देशभर गेली. नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’ 2016 साली आला, तेव्हापासून मराठी पत्रकारांना अशा घटनेसाठी एक तयार शब्दच मिळाला आहे. मथळ्यात ‘सैराट’ असे लिहिले की पुढचे काही लिहावे लागत नाही. (यात त्या चित्रपटाचा दोष नाही.) परंतु काही दिवसांतच पोलीस तपासाचा रोख माहेरकडून पतीकडे वळला. दोषी कोण, हे ठरवणे न्यायालयाचे काम आहे. ते मी करणार नाही. माझा मुद्दा निराळा आहे. पहिल्या बातमीचा जेवढा गाजावाजा झाला तेवढा दुसरीचा झाला नाही. का? जातीच्या प्रतिष्ठेसाठी झालेला खून ही ‘कथा’ आहे. घरात जळालेली बायको ही कथा नव्हे, तो ‘कौटुंबिक वाद’ आहे, आणि कौटुंबिक वादाला आतल्या पानावर चार ओळी पुरतात. मृत्यू तोच, स्त्री तीच. संशय कोणावर, एवढ्यावरून तिची किंमत बदलली.

तीच गोष्ट ‘एकतर्फी प्रेमा’ची. हिंगणघाटला फेब्रुवारी 2020 मध्ये एका तरुण प्राध्यापिकेला भर रस्त्यात पेटवण्यात आले, तेव्हाही बातम्यांत हाच शब्द होता. नकार सहन न झालेल्या पुरुषाच्या सूडाला प्रेम म्हणावयाचे आणि वर त्याला ‘एकतर्फी’ असे करुण विशेषण लावावयाचे! शेजाऱ्याने बांध कोरला तर त्याला आपण ‘जमिनीवरील एकतर्फी प्रेम’ म्हणत नाही.

वर्तमानपत्रांना एवढे बोलल्यावर कायद्याला सोडता येणार नाही. 1860 च्या दंड संहितेत स्त्रीच्या अंगावर हात टाकण्याच्या गुन्ह्याला ‘विनयभंग’ म्हटले होते. म्हणजे भंगला तो तिचा विनय. तिचे शरीर, तिची इच्छा यांचा उल्लेख नाही. 1 जुलै 2024 पासून नवी न्याय संहिता आली, कलमाचा क्रमांक 354 चा 74 झाला, पण विनयाची कल्पना आहे तिथेच आहे. पतीने पत्नीवर केलेली बळजबरी बलात्कार नव्हे, हा अपवादही, पत्नी सज्ञान असेल तर, नव्या संहितेने जुन्यातून उचलून घेतला आहे.

या कल्पनेचा फटका कोणाला बसतो, ते देसाईगंजच्या खटल्याने दाखवले. मार्च 1972 मध्ये तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज पोलीस ठाण्यात एका अल्पवयीन, मजुरी करणाऱ्या आदिवासी मुलीवर पोलिसांनी अत्याचार केल्याची ती फिर्याद. चळवळीत तो खटला मुलीच्या नावाने ओळखला जातो, कायद्याच्या पुस्तकात आरोपी पोलिसाच्या. मी तिचे नाव घेत नाही. सत्र न्यायालयाने 1974 साली आरोपींना सोडले, कारण मुलीला शरीरसंबंधाची सवय होती. नागपूर खंडपीठाने 1976 साली शिक्षा दिली; 1978 साली सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली, कारण अंगावर जखमा नव्हत्या, ओरडल्याचा पुरावा नव्हता. रात्रीच्या वेळी पोलीस ठाण्यात एका मजूर मुलीने आरडाओरड करून कोणाला बोलवावयाचे होते? पोलिसांनाच? उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर, लोतिका सरकार आणि वसुधा धगमवार या चार कायदेशिक्षकांनी 1979 साली सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहून नेमके हेच विचारले: मुकाट्याने सोसणे आणि संमती देणे यांतला फरक न्यायालयाला कळत नाही काय? त्या पत्रातून देशभर आंदोलन उभे राहिले आणि 1983 साली कायदा बदलला. कोठडीतील बलात्कारात संमतीविषयी पुराव्याचे ओझे आरोपीकडे गेले. पीडितेचे नाव छापणे गुन्हा ठरले.

त्याच सुमारास पुण्यात एका नवविवाहितेच्या 1982 मधील मृत्यूचा खटला गाजला. 1984 साली सर्वोच्च न्यायालयाने संशयाचा फायदा देऊन पतीला मुक्त केले. विधी महाविद्यालयांत तो निकाल आजही शिकवतात, तो परिस्थितीजन्य पुराव्याच्या ‘पंचशीला’साठी, तीत मेलेली मुलगी ही तळटीप होऊन राहते. पण विद्या बाळ आणि नारी समता मंचाच्या त्यांच्या सहकारी स्त्रियांनी दुसरा मार्ग धरला. त्यांनी ‘मी एक मंजुश्री’ हे प्रदर्शन गावोगावी नेले. त्या नावातील ‘मी’कडे लक्ष द्या. निकालपत्रात नसलेला, मथळ्यात नसलेला प्रथमपुरुष त्यांनी परत आणला.

आता राजकारण. येथे काही श्रोत्यांना माझे बोलणे रुचणार नाही. 13 जुलै 2016 रोजी कर्जत तालुक्यातील कोपर्डीला एका शाळकरी मुलीवर बलात्कार करून तिची हत्या झाली. मुलगी मराठा, आरोपी दलित. 9 ऑगस्टपासून मराठा समाजाचे मूक मोर्चे निघू लागले. लाखोंचे, शिस्तबद्ध, आणि मुलींना पुढे ठेवणारे ते मोर्चे होते. ते थोरपण मी नाकारीत नाही. परंतु मागण्यांच्या यादीत फाशीखालोखाल आरक्षण आले, शेतमालाचा भाव आला, अ‍ॅट्रॉसिटी कायद्यात बदल आला. या शेवटच्या कायद्याचा कोपर्डीच्या गुन्ह्याशी काडीचा संबंध नव्हता. मुलींना शाळेत जाण्यायेण्यासाठी वेळेवर एसटी हवी, वाटेवर दिवा हवा, या मागण्यांसाठी लाखांचा मोर्चा निघाल्याचे मला आठवत नाही. उलट बाजूच्या काही पुरोगाम्यांनीही आधी आरोपींची जात जपली आणि मग मुलीचे दुःख आठवले.

याच जिल्ह्यात जामखेड तालुक्यातील खर्डा येथे 28 एप्रिल 2014 रोजी एका सतरा वर्षांच्या दलित मुलाला, वरच्या जातीतील मुलीशी बोलला म्हणून, मारून टाकण्यात आले. नगरच्या सत्र न्यायालयाने 2017 च्या नोव्हेंबरात दोन्ही खटल्यांचे निकाल दिले. खर्ड्याचे साक्षीदार फितूर झाले, आरोपी सुटले. कोपर्डीच्या तिघांना फाशी झाली. एका महिन्यात एकाच न्यायालयातून आलेले हे दोन निकाल शेजारी ठेवून पाहणारे फार थोडे निघाले. जिच्या ‘अब्रू’साठी तो मुलगा गेला त्या खर्ड्याच्या मुलीची बाजू तर कोणीच विचारली नाही. तिच्या मर्जीवर पहारा बसवणे हीसुद्धा तिच्यावरील हिंसाच होती. पण तिची फिर्याद कोणत्याच ठाण्यात नाही.

आता अर्थशास्त्राकडे येतो. फाशीची घोषणा करावयास सरकारला खर्च येत नाही. हिंगणघाटनंतर डिसेंबर 2021 मध्ये विधिमंडळाने एकमुखाने शक्ती विधेयक मंजूर केले. त्यात मृत्युदंड होता, खोट्या तक्रारीला कैदही होती. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने त्याचा कायदा झाला नाही. मात्र साक्षीदाराला संरक्षण, न्यायवैद्यक तपासणी लवकर, सरकारी वकील पुरेसे, या गोष्टींना पैसा लागतो, आणि त्यावर टाळ्या पडत नाहीत. साक्षीदार संरक्षणाच्या योजनेला सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2018 मध्ये मान्यता दिली. खर्ड्याला तिचा उपयोग होण्याची वेळ टळली होती. रोजंदारीवरील माणसाने मजुरी बुडवून, गावाचा रोष पत्करून दहा तारखांना नगरला जावे, ही अपेक्षा म्हणजे न्यायाचा खर्च गरिबावर टाकणे होय.

आणि जे कधी बातमीच होत नाही त्याचे प्रमाण पाहा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019-21) महाराष्ट्रातील दर चार विवाहितांपैकी सुमारे एकीने पतीकडून हिंसा झाल्याचे सांगितले. देशात हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी अवघ्या 14 टक्क्यांनी कोठे मदत मागितली होती. बाकीच्या गप्प का, तर त्यांना राहते घर गमवावयाचे नसते. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने सासरच्या घरात राहण्याचा हक्क दिला आहे. तो किती जणींना ठाऊक आहे, हे आपण आपल्याच वस्तीत विचारून पाहावे. दारूचे दुकान बंद करण्यासाठी बाया ‘आडवी बाटली’वर मत देतात, तेव्हा त्या खरे तर घरातील मारहाणीवर मत देत असतात. तिच्यावर मत देण्याची दुसरी पेटीच त्यांना कोणी दिलेली नाही.

म्हणून कार्यकर्त्यांना माझे सांगणे मोजके आहे. गावात प्रकरण घडले की ‘बाहेर जाऊ देऊ नका, घरातल्या घरात मिटवा’ म्हणणाऱ्या बैठकीत आपला माणूस बसता कामा नये. तक्रारदार स्त्रीबरोबर ठाण्यात जाणारी एक आणि तारखेला तिच्या व साक्षीदारांच्या सोबत जाणारा एक, अशी माणसे तालुक्यातील प्रत्येक गटाने नेमावीत. साक्षीदाराची बुडालेली मजुरी वर्गणीतून द्यावी. पत्रक काढताना ‘अब्रू’, ‘अबला’, ‘एकतर्फी प्रेम’ हे शब्द खोडावेत. त्यासाठी किती पैसे लागतील याचा अंदाज मी कागदावर मांडून आणला आहे. तो कार्यालयात देतो, पुढच्या बैठकीत त्यावर चर्चा व्हावी.