हॅकर म्हणजे चोर नव्हे
(मंडळाच्या गणेशोत्सवात केलेले भाषण)



मॉन्ट्रिअलच्या मॅकगिल विद्यापीठात मानववंशशास्त्रज्ञ गॅब्रिएला कोलमन यांनी हॅकर संस्कृती आणि राजकारण हा विषय शिकवला. वाटेल, आता चोरीही विद्यापीठात शिकवतात की काय! तसे नाही. १९५० च्या दशकाअखेरीस अमेरिकेत एमआयटीच्या मॉडेल रेल्वे क्लबातले विद्यार्थी चतुर जोडणीला ‘हॅक’ म्हणत. चोरीचा अर्थ मागाहून चिकटला.

यात राजकारण कुठे? एमआयटीतच रिचर्ड स्टॉलमन यांनी प्रिंटरमध्ये कागद अडकला की सर्वांना कळावे, अशी सोय केली होती. नवा प्रिंटर आला, पण त्याचा मूळ प्रोग्रॅम मिळेना. पुढे १९८३ मध्ये त्यांनी जीएनयू प्रकल्प जाहीर केला. १९८९ च्या त्यांच्या परवान्याने कॉपीराइटचा कायदा मोडला नाही, कामाला लावला: प्रोग्रॅम घ्या, बदला, वाटा, पण पुढच्यालाही तीच मोकळीक द्या.

लिब्रेऑफिस मराठीतही आहे, कारण खुल्या प्रोग्रॅमच्या भाषांतराला कुणा कंपनीची मर्जी सांभाळावी लागत नाही. महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या मराठी टिकवणाऱ्या आपल्याला याचे मोल वेगळे सांगायला नको. तेव्हा मुले संगणक उघडून बसली तर रागावू नका. दुसऱ्याच्या कुलपाला हात लावायचा नाही, एवढे मात्र बजावा.

गणपती बाप्पा मोरया!