दीड जीबी कुणाच्या वाट्याला?

(देवनार येथे युवक-युवतींच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



घरच्या इंटरनेटवर बोल, असं मला सांगितलं तेव्हा आमच्यातला एक जण म्हणाला, "ह्यावर भाषण कसलं करतोस? कुठला प्लॅन स्वस्त ते ग्रुपवर टाक, काम झालं." मीही तसंच समजून वही घेऊन बसलो होतो. एका रकान्यात स्पीड, दुसऱ्यात पैसे, तिसऱ्यात डेटाची मर्यादा. यादी झाली आणि मी ती बहिणीला दाखवली. ती म्हणाली, "भाईजान, ह्यात मी कुठे आहे?"

तो चौथा रकाना मी घातलाच नव्हता. आज त्याच्याबद्दलच जास्त बोलणार आहे.

आमचं घर बैंगनवाडीत. माणसं पाच, फोन चार. अब्बू, मी आणि धाकटा भाऊ यांचा एकेक. चौथा अम्मीचा, आणि अम्मीला सवड असेल तेव्हा बहिणीचा. चारही फोनवर रोज दीड जीबीचं रिचार्ज. गेल्या वर्षी बहिणीला प्रवेशासाठी कॉलेजांचे पर्याय ऑनलाइन भरायचे होते. शेवटचा दिवस होता. रात्री साडेनऊला अम्मीच्या फोनचा डेटा संपला. दुपारी अम्मी खालाशी व्हिडिओ कॉलवर बोलली होती, त्यात काही गुन्हा नाही. बहिणीने माझ्याकडे हॉटस्पॉट मागितला. मी मॅच बघत होतो. "दहा मिनिटं थांब," म्हणालो. दहाची चाळीस झाली आणि माझाही डेटा संपला. भाऊ फोन घेऊन बाहेर. शेवटी शेजारच्यांच्या फोनवरून घाईघाईत फॉर्म गेला, पण तिला हवी असलेली दोन कॉलेजं भरायची राहिली. त्यातलं एक घरापासून चालत जाण्यासारखं होतं. आता ती सकाळी सहाला घर सोडते. हे मी कुठल्या कंपनीच्या नावावर खपवू शकत नाही.

डेटा संपला म्हणजे नेट बंद होत नाही, स्पीड पडतो. बहुतेक रिचार्जवर तो ६४ केबीपीएसवर येतो. ह्याचा अर्थ समजून घ्या. कंपनी स्पीड सांगते तो बिटमध्ये, आणि आपली फाइल असते बाइटमध्ये. आठ बिटांचा एक बाइट. म्हणजे एक एमबीची मार्कशीट ६४ केबीपीएसवर अपलोड व्हायला सव्वाशे सेकंद, तेही सगळं सुरळीत असेल तर. तेवढ्यात सरकारी साइट तुम्हाला बाहेर काढते आणि ओटीपी पुन्हा मागते. उलट ३० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला पावणेचार एमबी. तीच मार्कशीट डोळ्याची पापणी लवेपर्यंत जाते.

आता पैशांचा हिशेब. जुलै २०२४ मध्ये दरवाढ झाली तेव्हा जिओचं रोज दीड जीबीचं २८ दिवसांचं रिचार्ज २३९ वरून २९९ रुपयांवर गेलं. आपण त्याला महिन्याचं रिचार्ज म्हणतो, पण वर्षात २८ दिवस तेरा वेळा येतात. २९९ गुणिले १३, म्हणजे एका फोनला वर्षाला ३,८८७ रुपये. चार फोनांना १५,५४८. (३० दिवसांचं निदान एक रिचार्ज ठेवा, असं ट्रायने २०२२ मध्ये कंपन्यांना बजावलं. ते असतं, पण दुकानदार आपणहून सांगत नाही.)

घरच्या लाइनचं बघा. २०२० च्या ऑगस्टअखेर जिओफायबरने ३० एमबीपीएसचा प्लॅन ३९९ ला आणला, त्या सुमाराला एअरटेलने ४० एमबीपीएसचा ४९९ ला. जाहिरातीत दिसतो तो आकडा जीएसटीशिवायचा. १८ टक्के धरले की ३९९ चे ४७१ होतात आणि ४९९ चे ५८९. वर्षाला ३९९ वाल्याचे साधारण ५,६५० रुपये.

मग चारही रिचार्ज बंद करून पैसे वाचवायचे? तसं होत नाही. कॉलसाठी रिचार्ज लागतंच. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने सांगितलं की फक्त कॉल आणि एसएमएसचंही रिचार्ज कंपन्यांनी ठेवलं पाहिजे. समजा, दोन फोनांवर डेटा ठेवला आणि दोन नुसत्या कॉलवर टाकले. दोन डेटावाल्यांचे ७,७७४, लाइनचे ५,६५०, मिळून १३,४२४. जुन्या खर्चातले २,१२४ उरतात आणि त्यात दोन फोनांचं वर्षभराचं कॉलचं रिचार्ज भागणार नाही. थोडे पदरचे घालावे लागतील. घरच्या लाइनने पैसे वाचतात असं कुणी सांगितलं तर आधी स्वतःच्या घरचा हिशेब मांडून बघा.

आणि इथे एक गंमत आहे. नुसत्या कॉलवर कुठले दोन फोन टाकायचे, हा प्रश्न घरात आला तेव्हा आम्हा सगळ्यांच्या तोंडी पहिलं नाव अम्मीचं आलं. कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. बहिणीने विचारलं, "कॉलेजला जाताना हाच फोन मी नेते. बाहेर माझं काय?" मग अब्बूंचा फोन कॉलवर गेला, कारण ते दिवसभर फक्त बोलतात, आणि भावाचा गेला. भाऊ आठवडाभर फुगून बसला होता.

मर्यादेबद्दल थोडं. १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने सामान्य लोकांसाठी इंटरनेट सुरू केलं तेव्हा मोजणी तासांची होती. आज जीबीची आहे. 'अनलिमिटेड' लिहिलेल्या फायबर प्लॅनलाही मर्यादा असते. जिओ आणि एअरटेलने ती महिन्याला ३,३०० जीबी ठेवली, म्हणजे दिवसाला ११० जीबी. पाच माणसांच्या घरात ती लागणं अवघड. फोनवरचा दीड जीबी मात्र एका ऑनलाइन क्लासमध्ये आणि दोन-चार व्हिडिओंत उडतो. गल्लीतल्या छोट्या ऑपरेटरच्या प्लॅनमध्ये मर्यादा किती, हे लेखी घ्या. मर्यादेनंतरही घरच्या लाइनचा स्पीड ५१२ केबीपीएसच्या खाली जाता कामा नये, असं ट्रायने २०१६ मध्येच सांगितलंय. आणि जानेवारी २०२३ पासून सरकारी व्याख्येत ब्रॉडबँड म्हणायला किमान २ एमबीपीएस लागतात. २००४ मध्ये २५६ केबीपीएसला ब्रॉडबँड म्हणत.

आता आपल्या भागाचं. परदेशातून समुद्राखालून येणाऱ्या केबल वर्सोव्याला किनाऱ्यावर येतात. खाडीपलीकडे ऐरोली-महापेला मोठमोठी डेटा सेंटर आहेत. आपण दोन्हींच्या मधे. तरी मी एका मोठ्या कंपनीच्या साइटवर घरचा पिन कोड घातला, ४०००४३, तर "सेवा उपलब्ध" असं आलं, माणूस आला, गल्ली बघितली आणि "फीजिबल नाही" म्हणून गेला. त्याच कंपनीची लाइन ४०००८८ मध्ये, टाटा इन्स्टिट्यूटच्या बाजूला, माझ्या मित्राकडे दोन दिवसांत लागली. म्हणजे तुलनेच्या यादीत जे दहा प्लॅन दिसतात, त्यातले आपल्या दारापर्यंत किती येतात हा पहिला प्रश्न. आमच्या गल्लीत उत्तर होतं, एक. केबलवाला.

केबलवाल्याला मी नावं ठेवणार नाही. जिथे मोठे येत नाहीत तिथे तो शिडी घेऊन येतो, आणि त्याचा मुलगा रात्री अकराला वायर जोडून देतो. पण त्याच्याकडून तीन गोष्टी मागा. लायसन्स असलेल्या कुठल्या कंपनीचा तो भागीदार आहे, जीएसटी नंबर असलेलं बिल, आणि तक्रारीचा डॉकेट नंबर. नंबर असला तर कंपनीकडे तक्रार होते आणि समाधान नाही झालं तर तीस दिवसांत अपील करता येतं. तोंडी तक्रारीचं काहीच होत नाही. सहा महिन्यांचे पैसे आगाऊ भरले तर दर कमी पडतो, हे खरं, पण भाडेकरू असाल तर अकरा महिन्यांत खोली बदलली की ती लाइन तिथेच राहते.

स्पीड मोजताना एक चूक सगळे करतात. वाय-फायवर मोजतात. आपली घरं दहा बाय बारा, वर पोटमाळा, मधे पत्रा. पत्रा सिग्नल अडवतो. शिवाय एका गल्लीत पन्नास राऊटर, आणि जुन्या २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यात एकमेकांत न घुसणारी चॅनेल तीनच, १, ६ आणि ११. तेव्हा १०० एमबीपीएसचा प्लॅन घेऊनही वर पोटमाळ्यावर ८ मिळाले तर आधी राऊटरची जागा बदला. आमचा राऊटर टीव्हीवर होता, तो जिन्याच्या तोंडाशी लावला आणि काम झालं. आणखी एक, लाइट गेली की राऊटर बंद. परीक्षेच्या दिवशी एक फोन डेटासकट भरलेला ठेवा.

आता पुन्हा चौथा रकाना. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी, २०१९-२१. कधी तरी इंटरनेट वापरलंय असं सांगणारे पुरुष देशात ५७.१ टक्के, स्त्रिया ३३.३. ह्याच काळात, २०१९ मध्ये, केरळात फहीमा शिरीन नावाची बी. ए. ची विद्यार्थिनी हायकोर्टात गेली. कोझिकोडजवळ चेलन्नूरला तिच्या मुलींच्या होस्टेलमध्ये संध्याकाळी सहा ते रात्री दहा मोबाइल वापरायला बंदी होती. तिने नियम पाळायला नकार दिला, तिला होस्टेलमधून काढलं. सप्टेंबर २०१९ मध्ये केरळ हायकोर्टाने निकाल दिला की इंटरनेट मिळणं हा शिक्षणाच्या आणि खासगीपणाच्या हक्काचा भाग आहे, आणि तिला परत घ्या.

मी हा निकाल वाचला तेव्हा मला सहा ते दहा ही वेळ खटकली. आमच्या घरात असा नियम कुणी केला नव्हता. पण सहा ते दहा अम्मी आणि बहीण स्वयंपाकघरात, आणि दहानंतर फोनमध्ये डेटा नाही. होस्टेलवाल्यांनी निदान नोटीस तरी लावली होती.

घरी लाइन आली म्हणून हे आपोआप सुटत नाही. वाय-फायचा पासवर्ड कुणाकडे आहे ते विचारा. आमच्या ओळखीच्या एका घरात थोरला भाऊ नोकरीवर जाताना राऊटर बंद करून जातो, "लाइट बिल वाढतं" म्हणून. राऊटरला साध्या बल्बएवढीच वीज लागते.

तर आता कामाचं. मागच्या टेबलावर कोरे कागद ठेवलेत. प्रत्येकाने एक न्यायचा. सात दिवस, दिवसातून तीनदा स्पीड लिहायचा, सकाळी सातला, दुपारी तीनला आणि रात्री नऊला. शक्य असेल तर वायरने, नाहीतर राऊटरच्या शेजारी उभं राहून. डाउनलोडबरोबर अपलोडही लिहा, कारण फॉर्म अपलोडवर जातात. महिन्याचे पैसे जीएसटीसकट लिहा. कंपनी आणि गल्ली लिहा, घर नंबर नको. आणि शेवटच्या रकान्यात, त्या दिवशी घरात कोण किती वेळ नेटवर होतं. हा रकाना भावांनी भरायचा नाही. तो अम्मी किंवा बहिणीकडून भरून आणायचा.

पुढच्या रविवारी सगळे कागद एकत्र मांडू. एकाच गल्लीत दहा जणांना रात्री नऊला सारखाच स्पीड पडत असेल तर ऑपरेटरकडे दहा जण मिळून जाऊ. दुसरी कंपनी गल्लीत आणायची तरी तिला निदान किती घरं तयार आहेत ते दाखवावं लागेल. आणि ज्यांना घरी लाइन परवडतच नाही, त्यांच्यासाठी डिसेंबर २०२० पासून पीएम-वाणी योजना आहे. त्यात चहाचं किंवा किराण्याचं दुकानसुद्धा लायसन्सशिवाय वाय-फाय विकू शकतं. आपल्यापैकी दोघांची दुकानं आहेत, त्यांनी चहानंतर थांबा, त्यावर बसून बोलू.

पेन कमी आहेत, वापरून परत ठेवा.