तांबी बसवताना त्रास कमी कसा होईल?

(गंगाखेड तालुक्यातील जोडप्यांसाठी भाषण)



पाळणा लांबवावा असं दोघांच्याही मनात असतं. पण तांबीचं नाव काढलं की बाई म्हणते, "नको बाई, लई दुखतं म्हणत्यात!" या भीतीला कारण आहे. १९६५ साली आपल्या देशात लूप आला. शिबिरांतून तो भराभर बसवला गेला. पण पुढे त्रास झालेल्या बायकांची नीट विचारपूस झाली नाही. ती धास्ती गावोगाव पसरली. म्हणून दुखण्याबद्दल मोकळेपणानं बोलू या.

तांबी बसवायला थोडीच मिनिटं लागतात. तेव्हा ओटीपोटात पाळीसारखी कळ येते. कुणाला थोडी, कुणाला जास्त. जास्त दुखलं म्हणजे बाई नाजूक, असं मुळीच नाही.

त्रास कमी होण्यासाठी एवढं करा :

१. उपाशीपोटी जाऊ नका. तपासणीआधी लघवीला जाऊन या.

२. दुखणं कमी करणारी गोळी आधी घ्यावी का, हे डॉक्टरांना विचारा. दमा असेल, पोटात व्रण असेल किंवा एखादी गोळी सोसत नसेल, तर सांगा.

३. फार भीती वाटत असेल, तर जागा बधिर करण्याचं औषध मिळेल का, ते विचारा. विचारण्यात लाज कसली?

४. जाऊबाई, नणंद किंवा आशाताई जवळ असू द्या. पडदा लावून घ्या.

५. कंबर सैल सोडा, तोंडानं हळूहळू श्वास सोडा. सहन होत नसेल तर "थांबा" म्हणा. तो तुमचा हक्क आहे.

६. झाल्यावर थोडा वेळ पडून राहा.

पहिले काही महिने पाळीत अंगावरून जास्त जाईल, कळाही येतील. पण ताप आला, घाण वासाचं पाणी जाऊ लागलं, पोटात फार दुखलं किंवा पाळी चुकली, तर लगेच दवाखाना गाठा.

ऊसतोडीला जाणाऱ्यांनी निघण्याच्या दीड-दोन महिने आधी तांबी बसवावी, म्हणजे फेरतपासणी इथंच होईल.

आणि घरधनी हो, तुम्ही बरोबर जा. त्या दिवशी पाण्याचा हंडा अन् पोरं तुम्ही सांभाळा. बाई "दुखतंय" म्हणाली तर ऐका. तांबी नकोशी झाली तर ती कधीही काढता येते.

घाबरून टाळू नका, दुखणं लपवू नका. विचारा, आणि मग दोघं मिळून ठरवा.