छताखालचा पोहण्याचा तलाव



नंदुरबार जिल्ह्यांतील पोहणारा मनुष्य बहुधा विहिरींत अथवा तापीच्या पात्रांत पोहावयास शिकलेला असतो. पाठीला सुक्या भोपळ्यांची सांगड, काठावर काका किंवा मामा, आणि बाकीचें सर्व धाडसावर! ह्या शिक्षणाला मी नांवें ठेवीत नाहीं. परंतु पावसाळ्यांत तापी दुथडी भरून वाहूं लागली म्हणजे ही शाळा बंद पडते, आणि वैशाखांत विहिरी तळ गांठतात. तेव्हां बारमाही व निर्धोक असा छताखालचा तलाव आपल्याकडे कां नसावा, हा प्रश्न सहजच मनांत येतो.

असे तलाव आपल्या देशांत आहेत. दिल्लीस १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांसाठीं तालकटोरा येथें बांधलेला तलाव २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांकरितां नव्यानें उभारून छताखालीं घेण्यांत आला. शर्यतीच्या अशा तलावाची लांबी ५० मीटर व रुंदी २५ मीटर असते. खोली दोनच मीटर धरली तरी त्यांत २५ लाख लिटर पाणी मावतें. खेड्यांत दर माणशी रोज ५५ लिटर हें जलजीवन मिशनचें प्रमाण लक्षांत घेतलें, तर हें पंचेचाळीस हजार माणसांचें एका दिवसाचें पाणी झालें. सातपुड्याच्या पायथ्याशीं राहणाऱ्यांनीं हा आकडा विसरून चालणार नाहीं.

प्रथम बांधकामाचा विचार करूं. तापीकांठची काळी जमीन पावसांत फुगते व उन्हाळ्यांत भेगाळते. तिच्यावर थेट टाकी बसविली तर तिला तडे जावयाचे. म्हणून ती माती काढून मुरूम ठोकून भरावा लागतो. दुसरी गोष्ट अशी कीं, जमिनींतील पाणी वर चढलें असतां रिकामी टाकी होडीप्रमाणें वर उचलली जाऊं शकते. यास्तव खालून निचऱ्याची सोय हवी. फरशी बसविण्यापूर्वीं टाकी भरून कांहीं दिवस तशीच ठेवतात आणि पाण्याची पातळी किती उतरते तें मोजून पाहतात.

आतां पाण्याकडे वळूं. तें रोज बदलीत नाहींत. तेंच शुद्ध करून पुनःपुन्हां वापरतात. कांठावरून ओसंडलेलें पाणी पन्हळींतून तळघरांतील टाकींत येतें. जाळी त्यांतील केस व कचरा अडविते; तुरटीसारख्या द्रव्यानें बारीक गाळाचे पुंजके होतात, आणि ते वाळूच्या थरांत अडकतात. नंतर क्लोरीन मिळवून पाणी परत सोडतात. सगळें पाणी चार ते सहा तासांत एकदां फिरावें असा दंडक आहे. म्हणजे पंपांनीं ताशीं सुमारें पांच लाख लिटर पाणी ओढावयाचें. वाळू साचली कीं पाणी उलट सोडून ती धुवावी लागते. क्लोरीन दर लिटरमागें एक ते तीन मिलिग्रॅम इतकेंच हवें. तें कमी पडलें तर रोगजंतू वाढतात.

तलावावर येणारा उग्र वास पुष्कळांना स्वच्छतेची खूण वाटतो. वस्तुतः घाम व मूत्र ह्यांच्याशीं क्लोरीनचा संयोग होऊन तो उत्पन्न होतो. पोहण्यापूर्वीं स्नान करावें ह्या नियमाचें कारण हेंच. उघड्यावर हा वायु उडून जातो. छताखालीं मात्र कोंडून राहतो. युरोपांत छत थंडीसाठीं लागतें. आपल्याकडे तें ऊन व बाष्पीभवन आवरील, परंतु ओलसर हवा यंत्रानें बाहेर काढावीच लागेल. स्वित्झर्लंडमधील उस्टर गांवीं १९७२ सालीं उघडलेल्या तलावाचें कांक्रीटचें आंतील छत ९ मे १९८५ रोजीं कोसळलें आणि बारा जण मृत्यु पावले. तें ज्यावर टांगलें होतें त्या गंजरोधक म्हणविणाऱ्या पोलादी सळया क्लोरीनयुक्त हवेनें आंतून चिरत गेल्या होत्या. वरून पाहणाराला त्याचा पत्ताहि नव्हता.

मग आपण काय करावें? कोल्हापूरच्या वीरधवल खाडे ह्यांनीं २०१० सालीं ग्वांगझू येथील आशियाई स्पर्धांत ५० मीटर बटरफ्लाय शर्यतींत कांस्यपदक मिळविलें, तेव्हां लहान शहरांतील मुलांच्या अंगीं काय गुण असतात हें दिसलेंच. पण पदकाआधीं प्राण. मला वाटतें, नंदुरबारनें पहिला तलाव २५ मीटर लांब, साडेबारा मीटर रुंद आणि सवा मीटरहून किंचित् उथळ असा, शिकण्यापुरता बांधावा. त्याला पावणेचार लाख लिटर पाणी पुरेल. म्हणजे मोठ्या तलावाच्या सुमारें सातवा हिस्सा. मात्र कोनशिला बसविण्यापूर्वीं वीज, औषधें, पाणी तपासणारा मनुष्य आणि कांठावरचा जीवरक्षक ह्यांच्या दहा वर्षांच्या खर्चाची तरतूद कागदावर झाली पाहिजे. तलाव बांधणें हें एक-दोन वर्षांचें काम. पण पाण्यांत उतरणाऱ्या मुलाचा भरंवसा तळघरांत रात्रीं जागणाऱ्या माणसावर असतो. त्याचा पगार प्रथम ठरवावा, आणि मग उद्घाटनाचा मुहूर्त पाहावा.