कबनूर ते महाराष्ट्र, एका क्वेरीत

मी कबनूरचा. कबनूर हातकणंगले तालुक्यात, तालुका कोल्हापूर जिल्ह्यात, जिल्हा महाराष्ट्रात. टेबलमधल्या प्रत्येक ओळीत फक्त तिच्या वरच्याचा आयडी असतो. प्रत्येक पायरीला एक जॉइन लिहिलात, तर उद्या मध्ये पुणे विभाग घातला की उत्तर अर्धवट येणार.

त्यासाठी एसक्यूएलच्या १९९९च्या मानकात 'विथ रिकर्सिव्ह' आलं. आधी कबनूरची ओळ घ्या. मग 'युनियन ऑल' लिहून, हाती आलेल्या ओळीचा वरचा आयडी त्याच टेबलशी जोडा. नवी ओळ मिळेनाशी झाली की क्वेरी थांबते.

पण महाराष्ट्राच्या वर चुकून कबनूरचाच आयडी पडला तर? क्वेरी गोल गोल फिरणार! मायएसक्यूएल एरवी १००० फेऱ्यांनंतर एरर देतं. पोस्टग्रेसमध्ये अशी मर्यादा नाही. म्हणून मी पायऱ्या मोजणारा कॉलम ठेवतो आणि दहाच्या पुढं जाऊच देत नाही. तुम्हीही ठेवा!